गाडीच्या रंगावरचे कवच

श्रोतेहो, नमस्कार. नव्या गाडीला हार घालून नारळ फोडतो न फोडतो, तोच शोरूममधला विक्रेता रंगाच्या संरक्षणाचा विषय काढतो, आणि वॅक्स, सिरॅमिक, पीपीएफ या शब्दांच्या माऱ्यात आपण बहुधा सर्वांत महाग पर्यायाला मान डोलावतो.

वास्तविक आधी पाहायला हवे, की गाडी उभी कुठे राहते आणि ती कोण, कशाने पुसते. पत्र्यावरच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, भरते; त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. पहाटे सोसायटीतल्या डझनभर गाड्या एकाच बादलीत, एकाच फडक्याने पुसल्या जातात, तेव्हा बांधकामांची धूळ याच थरावर घासली जाते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे चरे उमटतात.

सिरॅमिक कोटिंग हे चरे थांबवील, अशी अनेकांची समजूत असते. सिलिकावर आधारलेला हा लेप एक-दोन मायक्रॉनचाच असतो. त्यावरून पाणी मोत्यांसारखे घरंगळते, मळ सहज निघतो आणि पक्ष्यांच्या विष्ठेतल्या आम्लाला थोडा अटकाव होतो, परंतु रस्त्यावरून उडणाऱ्या खडीचा मार तो सोसत नाही. शिवाय टँकरच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब त्यावर उन्हात सुकले, तर पांढरे डाग धरतात.

खडीसाठी पीपीएफ, म्हणजे १५०-२०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म, हाच खरा उपाय आहे. ती महाग असल्याने, पुणे द्रुतगती मार्गावर नेहमी जाणाऱ्याने ती बॉनेट आणि पुढच्या बंपरपुरती लावली, तरी पुरते. तळघरात उभ्या राहणाऱ्या गाडीला ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांपासून मिळणारे मेणही चालते. मात्र ते दोन-तीन महिन्यांनी, पावसाळ्यात त्याहूनही लवकर, पुन्हा लावावे लागते.

माझी गाडी पिंपळाखाली उघड्यावर असते, म्हणून मी सिरॅमिक निवडले. ते मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी करून घेतले, कारण लेप पक्का होईपर्यंत पहिले काही दिवस गाडी कोरडी ठेवावी लागते. त्याआधी जुने चरे पॉलिशने काढले. तसे न केल्यास ते लेपाखाली तसेच राहतात. गाडी पुसणाऱ्या दादांना मायक्रोफायबरची चार फडकी आणि दुसरी बादलीही आणून दिली. कोरड्या धुळीवर फडके फिरवू नये, हे मात्र त्यांना अजूनही अधूनमधून सांगावे लागते.