चार पदरी हिवाळा

[दृश्य : वाड्याचे मागचे अंगण, पहाट. तांब्याचा बंब, नळीतून उडणाऱ्या ठिणग्या.]

तांब्याच्या या बंबाच्या नळीत जे जळत आहे ते सरपणाचे लाकूड नव्हे; कापूस वेचून संपल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या झाडांच्या त्या वाळलेल्या काड्या आहेत आणि विदर्भात त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. नागपूरच्या महाल भागातील या घरात स्वयंपाकाचा गॅस आहे, न्हाणीघरात गिझरही आहे. तरीही दिवाळीचे आकाशकंदील उतरले की बंब माळ्यावरून खाली येतो, चिंचेने घासला जातो आणि होळीपर्यंत अंगणात ठाण मांडून बसतो. आजींचे म्हणणे असे की गिझरचे पाणी गरम असते आणि बंबाचे पाणी ऊन असते. या दोहोंत नेमका काय फरक आहे, हे त्यांना दुसऱ्यांदा विचारण्याचे धाडस आम्हाला झाले नाही.

बंबापासून हातभर अंतरावर, शेपटीखाली नाक खुपसून आणि स्वतःचे वेटोळे करून जो झोपला आहे, तो भुऱ्या नावाचा कुत्रा. एका पावसाळ्यात तो गल्लीतून फाटकाच्या आत आला आणि नंतर त्याला बाहेर जाण्याचे काही कारण उरले नाही. त्याच्या अंगाखालचे अंथरूण नीट पाहावे. कडेला हिरव्या काठाची पट्टी आहे, मधोमध विटकरी ठिगळ आहे आणि त्या सगळ्यावरून एकमेकीला समांतर धावणाऱ्या पांढऱ्या टाक्यांच्या ओळी आहेत. या घरात गोधडी टाकून दिली जात नाही. माणसांच्या अंगावरून ती पलंगावरच्या गादीखाली जाते, गादीखालून ओसरीवर येते आणि शेवटी भुऱ्याच्या वाट्याला येते.

[दृश्य : गच्चीवरून दिसणारी महालातील कौले व टाक्या, विरळ धुके, सूर्योदय.]

बाहेरगावच्या लोकांना नागपूर ठाऊक असते ते उन्हाळ्यासाठी, आणि नागपूरचा हिवाळा ठाऊक असतो तो विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी. पण मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्याच शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. समुद्र येथून फार दूर आहे; हवा कोरडी आणि हिवाळ्यातील आकाश बहुधा निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता रात्रीतून आकाशाकडे सोडून देते आणि त्यात उत्तरेकडचे वारे सुरू झाले की पहाटेचा गारठा हाडापर्यंत पोहोचतो. एरवी जानेवारीत दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे १२-१३ अंशांवर येतो. सकाळी सातला स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून शाळेत निघालेली मुलगी दुपारी तेच सारे दप्तरात कोंबून घरी परतते, ते यामुळेच.

२०१८ सालच्या त्या रात्री या घरातील लोखंडी पेटी तळापर्यंत रिकामी झाली होती. त्या पेटीतून निघालेल्या गोधड्यांची रास पुढे सांगावयाच्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे.

[दृश्य : खिडकीतील लोखंडी कूलर, आत हलणारी सावली.]

नागपुरातील खिडकीला लटकलेला कूलर हिवाळ्यात काय करतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. या घरातील कूलर नोव्हेंबरपासून प्रसूतिगृह झाला आहे. पाणी काढून टाकलेले, पंख्याची वायर सोडवलेली, तिन्ही बाजूंच्या ताट्यांमध्ये मागच्या उन्हाळ्याचे वाळलेले गवत. वारा लागत नाही आणि कुत्र्याचे तोंड आत पोहोचत नाही. कापशी नावाच्या पांढऱ्या मांजरीने येथेच तीन पिल्ले घातली. मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश असते आणि ते टिकवण्यासाठी ती घरातील सर्वांत उबदार जागा कोणालाही न विचारता शोधून काढते. सकाळी ही जागा बंबाच्या राखेजवळ असते, संध्याकाळी ती फ्रिजच्या माथ्यावर असते आणि दुपारी, जसे आता दिसेल, ती आजींच्या अर्धवट शिवलेल्या गोधडीच्या बरोबर मध्यभागी असते.

[दृश्य : गच्ची, दुपार. पसरलेल्या साड्या, चार कोपऱ्यांवर वजने.]

गोधडीला विदर्भाच्या खेड्यांत वाकळ म्हणतात आणि बोलताना ळ चा य होऊन तिची वाकय होते. शब्द कोणताही असो, कृतीची सुरुवात शिवण्यापासून नव्हे, तर निवडीपासून होते. आजींनी साडीच्या पदराचा एक धागा ओढून काढला आणि तो काडीने पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, जळलेल्या कागदासारखाच वास देतो आणि चिमटीत घेतला की त्याची राख होते. कृत्रिम धागा मात्र वितळत आक्रसतो आणि टोकाला कडक मण्यासारखी गाठ धरतो. अशी गाठ धरणारे कापड गोधडीत जात नाही, कारण ते घाम शोषत नाही, थरांमध्ये सरकते आणि दोन धुण्यांनंतर सुती थरांपासून वेगळे होऊन फुगते. दुकानदाराने प्युअर कॉटन म्हणून दिलेल्या किती साड्या या काडीपुढे टिकल्या नाहीत, याचा हिशेब सूनबाईंकडे तोंडपाठ आहे. तो येथे देणे काही घरांतील शांततेला बाधक ठरेल.

निवड झाली की काठ उसवून बाजूला ठेवतात, खळ पूर्ण निघेपर्यंत कापड गरम पाण्यात भिजवतात आणि कडक उन्हात वाळवतात. नऊवारी साडी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. तिचे चार पदर, म्हणजे एकावर एक चार थर, केले की प्रत्येक पदर दोन मीटरांहून थोडा लांब होतो, म्हणजे एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरेल एवढा. नऊवारी नेसणाऱ्या पिढीने गोधडीचे माप वेगळे काढले नाही, ते साडीतच होते. सहावारीचे गणित मात्र जुळत नाही, तिला जोड द्यावा लागतो, आणि जोडाची शिवण पाठीला टोचू नये म्हणून ती पायाच्या बाजूला घ्यावी लागते.

थर एकावर एक अंथरून चार कोपऱ्यांवर वजन ठेवले आहे. एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर खलबत्ता, उरलेल्या दोहोंवर विटा. आता जे लांबलांब टाके पडत आहेत ते कच्चे आहेत; ते मधोमध सुरू करून कडेकडे नेतात, म्हणजे कापडातील चुण्या आणि मधली हवा बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. पक्का धावदोरा याच्या उलट चालतो. तो कडेपासून सुरू होतो आणि चारही बाजूंनी फिरत, चौकोनात चौकोन काढत, मध्याकडे येतो. दोन ओळींत करंगळीच्या पेराएवढे अंतर असते. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान आहे. डावा हात कापडाखाली असतो आणि सुईचे टोक त्याच हाताच्या बोटाला लागते, म्हणून त्या बोटावर कायमचा घट्टा पडला आहे.

गोधडीच्या एका बाजूला सासू बसते आणि दुसऱ्या बाजूला सून. आजींचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आहे, सूनबाईंचा गव्हाएवढा. कॅमेरा जवळ नेला की कोणती ओळ कोणाची, हे अनोळखी माणसालाही सांगता येते. मधोमध कापशी बसलेली आहे.

“ऊठ वं बाई. तुयासाठी शिवून राह्यली का मी?” आजी तिला म्हणतात, आणि तिच्या भोवतीने टाके घालत राहतात.

[दृश्य : जुनी गोधडी उसवताना. एकेक थर उलगडतो.]

नव्या गोधडीच्या पोटात अनेकदा जुनी गोधडी जाते. पेटीच्या तळाशी असलेली ही गोधडी फाटल्यामुळे उसवली जात आहे आणि तिचा प्रत्येक थर बाहेर येताना घराची एकेक मागची खोली उघडल्यासारखे होते. सर्वांत वर नातीचे झबले आहे, ठिगळ म्हणून लावलेले. त्याखाली आजींच्या लग्नातील नव्हे, पण त्या वर्षातील नागपुरी हातमागाची साडी आहे. ती येथूनच जवळ, कोष्ट्यांच्या मागावर विणलेली होती. त्याखाली आजोबांचे धोतर. आणि सर्वांत आत, पन्नासहून अधिक वर्षे उजेड न पाहिलेला, कोऱ्या कापडाच्या मूळ पिवळसर रंगाचा मांजरपाट आहे. तो एम्प्रेस मिलचा आहे, आणि आजोबा त्याच मिलच्या सूतखात्यात होते.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात ही गिरणी सुरू केली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले आणि त्यावरून गिरणीला एम्प्रेस हे नाव मिळाले. मुंबईऐवजी नागपूर निवडण्यामागे व्यवहाराचा हिशेब होता. कापूस भोवतालच्या शेतांत पिकत होता, वर्धेकडच्या भागातून दगडी कोळसा मिळण्याची सोय होती आणि मुंबईहून आलेला लोहमार्ग १८६७ सालीच नागपूरला पोहोचला होता. शेतातील बोंड, गिरणीतील सूत, मागावरील साडी आणि घरातील गोधडी हा सारा प्रवास काही कोसांच्या आत पूर्ण होत असे. पुढे गिरणी बंद पडली, कामगार पांगले आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे.

मांजरपाट या नावावर आपला वंशपरंपरागत हक्क असल्याप्रमाणे कापशी उसवलेल्या त्या कापडावर जाऊन बसली, हे मात्र चित्रीकरणासाठी आम्ही घडवून आणलेले नाही.

[दृश्य : ओसरी, संध्याकाळ. सुपात तुरीच्या शेंगा. सारे कुटुंब.]

सूर्य कलला की गच्चीवरचे काम थांबते, कारण दिव्याच्या उजेडात पांढऱ्या कापडावरील पांढरा दोरा आजींना दिसत नाही. बैठक ओसरीवर येते आणि हातांना दुसरे काम मिळते. हिवाळ्यात विदर्भाच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागतात. निम्म्या शेंगा मीठ घालून उकडल्या जातात आणि सोलता सोलता खाल्ल्या जातात, उरलेल्यांचे सोले वांग्याच्या भाजीत पडतात. पलीकडे सूनबाई हरभऱ्याचा कोवळा पाला हाताने खुडून, कांदा, मिरची, मीठ आणि कच्चे तेल घालून घोळाना कालवत आहेत. ज्वारीच्या भाकरीबरोबर घोळाना असला की या घरात दुसऱ्या भाजीची चौकशी होत नाही. नवऱ्यांच्या वाट्याला शेंगा सोलण्यापलीकडे काही काम येते का, असा प्रश्न प्रेक्षकांना पडेल. आजोबांच्या फोटोसमोर बसलेले त्यांचे चिरंजीव निदान आज संत्री सोलून सगळ्यांना वाटत आहेत. ही आंबिया बहराची, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलांची, शेवटची संत्री आहेत. मृग बहराची, म्हणजे पावसाळ्यातील फुलांची, फेब्रुवारीकडे येतील.

नात नववीत आहे. तिबेटी विक्रेते दर हिवाळ्यात शहरात लोकरीचे कपडे घेऊन येतात. त्यांच्याकडून घेतलेला स्वेटर उसवला तेव्हा निघालेल्या लोकरीतून ती क्रोशाच्या सुईने भुऱ्यासाठी गळपट्टा विणत आहे. भुऱ्याने पहिला गळपट्टा एका रात्रीत चावून संपवला होता. हा दुसरा आहे, रंग तोच.

गोधडी शिवायला शिकणार का, असे तिला विचारले तेव्हा ती आजीकडे पाहून हसली आणि “बोर्ड झाल्यावर,” एवढेच म्हणाली.

[दृश्य : संक्रांत. गच्च्यांवर गर्दी, पतंग, “ओ काट” असा आरडाओरडा.]

दिवाळीनंतर सुरू झालेली गोधडी संक्रांतीला पूर्ण होते, म्हणजे थंडी ओसरू लागते त्या सुमारास. हा विरोधाभास वाटेल, पण दुपारचे सोसवेल असे ऊन या दोन सणांच्या मधल्या काळातच मिळते. त्यामुळे नागपुरात शिवलेली प्रत्येक गोधडी खरे तर पुढच्या हिवाळ्यासाठी असते. आज गच्ची पतंगांना द्यायची असल्यामुळे शेवटच्या ओळी काल रात्रीच, दोन दिवे जवळ घेऊन पूर्ण करण्यात आल्या. आजींच्या डोळ्यांना त्याचा त्रास झाला.

काढून ठेवलेले काठ आता चारही कडांना बसले आहेत. वाळलेला कडुनिंबाचा पाला घडीत घालून गोधडी पेटीत ठेवली जाते. दसऱ्यापूर्वी ती एकदा उन्हात येईल. पिल्ले कूलरमधून उतरून आता पेटीच्या कडेवर चढू लागली आहेत, म्हणून झाकण लावण्याआधी आत हात फिरवून खात्री करावी लागते.

तिळगूळ वाटून झाल्यावर आजी कपाटासमोर बसल्या. पुढच्या गोधडीसाठी सूनबाईंनी एक जुनी साडी काढून दिली आहे, पिवळी, बारीक बुट्ट्यांची. आजींनी पदराचा धागा ओढला आणि काडी ओढली. धागा आक्रसला. त्यांनी त्याची गाठ नखाने दाबून पाहिली, साडी फरशी पुसण्याच्या कपड्यांत टाकली आणि कपाटात पुन्हा हात घातला.