पिनाटुबो: सगळे ज्याला साधा डोंगर समजत होते

१९९१ पर्यंत पिनाटुबो हा ज्वालामुखी आहे हे फिलिपिन्समध्येसुद्धा फार कमी लोकांना माहीत होतं. मनिलापासून साधारण ९० किलोमीटर, उंची १७४५ मीटर, वरपर्यंत गच्च जंगल, उतारावर आएता आदिवासींची वस्ती आणि पायथ्याकडे अमेरिकेचा भलामोठा क्लार्क हवाई तळ. शेवटचा स्फोट होऊन ५०० वर्षं झालेली, कोण कशाला लक्षात ठेवतंय?

आता हा इथे आलाच कसा, तर पिनाटुबो ज्या लुझोन बेटावर आहे त्याच्या पश्चिमेला दक्षिण चीन समुद्राचा तळ बेटाखाली सरकतो, जाताना सोबत पाणी नेतो, त्या पाण्यामुळे खोलवरचा खडक वितळतो आणि मॅग्मा तयार होतो. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा पातळ होता, भेगांमधून आला आणि लांबवर पसरत गेला. पिनाटुबोचा मॅग्मा म्हणजे डेसाइट, एकदम चिकट, आतला गॅस सहजासहजी सुटतच नाही, प्रेशर साठत जातं.

२ एप्रिल १९९१ ला डोंगरातून वाफेचे स्फोट झाले. फिव्होल्क्स ही ज्वालामुखी-भूकंपांवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था आणि अमेरिकन भूवैज्ञानिक कामाला लागले, भूकंपमापक बसवले, जुने थर तपासले, आणि कळलं की गडी शेकडो-हजारो वर्षं गप्प राहतो पण फुटला की दणक्यातच फुटतो, जुन्या स्फोटांचा माल तर थेट क्लार्कपर्यंत पोचलेला.

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो गॅसचा. १३ मेला सल्फर डायऑक्साइड दिवसाला ५०० टन, २८ मेला ५००० टनांवर, आणि जूनच्या सुरुवातीला एकदम धाडकन खाली! कुणालाही वाटेल, चला, निवळलं. पण शास्त्रज्ञ उलट जास्त घाबरले, कारण मॅग्मा वर येतोय आणि गॅसची वाट बुजलीये असा त्याचा अर्थ निघत होता. १० जूनला क्लार्कवरून साडेचौदा हजार माणसं हलवली.

१५ जूनला मुख्य स्फोट झाला, राख ३५ किलोमीटर वर गेली, आणि नेमकं त्याच दिवशी युन्या चक्रीवादळ पण येऊन धडकलं. कोरडी राख एकवेळ झाडून काढता येते, पण पावसात भिजून ती इतकी जड झाली की घरांची छपरं खाली आली, स्फोटातले बरेचसे मृत्यू असेच झाले. नंतर छावण्यांमध्ये गोवर, न्यूमोनिया पसरला, त्यात आएतांची लहान मुलं गेली, आणि ही गोष्ट सांगताना हे नेहमी राहूनच जातं. तरी लोकांना वेळेत हलवलं म्हणून हजारो वाचले, हे पण तितकंच खरं.

डोंगराचा माथा खचून अडीच किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. वर गेलेल्या सल्फरमुळे पुढच्या वर्षी जगाचं तापमान सुमारे अर्ध्या डिग्रीने उतरलं.

पण खाली राहणाऱ्यांना खरा त्रास पुढची कित्येक वर्षं झाला. दर पावसाळ्यात उतारावरची राख पाण्याबरोबर लाहार होऊन खाली यायची, म्हणजे ओल्या सिमेंटसारखा लोंढा. १९९५ मध्ये बाकोलोर गाव त्यात गाडलं गेलं, तिथलं सान गिएर्मो चर्च निम्म्या उंचीपर्यंत बुडालं. लोकांनी ते सोडलं नाही, आतली जमीनच त्या नव्या लेव्हलला घेतली, आणि आज तिथे रीतसर प्रार्थना होते.