मूत्राशयाचे दुखणे आणि नर्व्ह ब्लॉक: नेमकी कोणती नस?

नमस्कार. ठाण्याहून वाशीला लोकलने जायला साधारण अर्धा तास लागतो. पण मूत्राशय भरू लागताच ज्यांच्या ओटीपोटात आग पडते आणि लघवी करून आल्यावर घटकाभरच बरे वाटते, त्यांना तेवढा वेळही जड जातो. असे दुखणे ६ आठवड्यांहून अधिक टिकले, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले नाहीत आणि दुसरे कारणही हाती लागले नाही, तर त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. कल्चर निर्दोष असताना अँटिबायोटिकचे कोर्स घेतच राहणे मला तरी पटत नाही.

आहारातले बदल, फिजिओथेरपी, गोळ्या आणि मूत्राशयात सोडायची औषधे यांनी भागले नाही, की काही निवडक रुग्णांसाठी नर्व्ह ब्लॉकचा विचार होतो. यात नस कापत किंवा जाळत नाहीत. तिच्याभोवती बधिर करणारे औषध, कधी जोडीला स्टिरॉइड, सोडून वेदनेचा निरोप तात्पुरता अडवतात. याविषयीचे संशोधन अजून तोकडे आहे.

खोलवरच्या दुखण्याचे काही तंतू कमरेच्या शेवटच्या मणक्यासमोरील नसांच्या जाळ्यातून जातात. तिथला ब्लॉक १९९० मध्ये प्लँकार्ट आणि सहकाऱ्यांनी ओटीपोटातील कर्करोगाच्या वेदनेसाठी मांडला होता. बसल्यावर वाढणारी आणि कमोडवर बसताच उतरणारी जळजळ मात्र पुडेंडल नसेकडे (गुदद्वार आणि जननेंद्रियांभोवतीच्या भागाची संवेदना वाहणाऱ्या नसेकडे) बोट दाखवते. मणक्यासमोरच्या ब्लॉकसाठी रुग्णाला बहुधा पालथे झोपवून, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत सुई नेतात, आधी थोडा डाय (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) सोडून ती रक्तवाहिनीत शिरली नसल्याची खात्री करतात आणि मगच औषध देतात.

ब्लॉकनंतर पहिल्या काही तासांत दुखणे किती उतरले, हे उत्तर सर्वांत मोलाचे असते, आणि नेमके तेच टिपायचे राहते. म्हणून घरी पोहोचल्यावर नुसते पडून न राहता खुर्चीवर बसून पाहावे, आणि वेळ, दुखण्याला १० पैकी गुण व लघवी किती मिलीलिटर झाली, हे वहीत लिहावे. दुखणे तसूभरही हलले नसेल, तर तीच नस पुन्हा टोचण्यापूर्वी निदानच तपासायला हवे. मूत्राशयाच्या आत व्रण असतील तर त्यांचा इलाज वेगळा असतो.

रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण स्टिरॉइडने साखर चढते. पाय काही तास बधिर राहू शकतो, तेव्हा घोडबंदर रस्त्यावरून स्वतः स्कूटर चालवत परतू नये. लघवी अडली, ताप आला किंवा पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.