आधी माती, मग खेळ

मंडळी, पत्रिकेत विषय छापला आहे ‘सर्व वयांसाठी खेळ’. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मला पायांखालच्या जमिनीबद्दल बोलू द्या, कारण ती चुकली की पुढचं सगळं चुकतं.

तुमच्यापैकी किती जणांच्या सोसायटीत झोपाळ्याखाली पेव्हर ब्लॉक आहेत? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! यात कुणी सोसायटीचे सेक्रेटरी असतील तर घाबरू नका, तुमची अडचण मला कळते. चिखल नको, झाडायला सोपं हवं, सभासदांची कुरकुर नको. म्हणून ब्लॉक बसतात. पण झोपाळा, घसरगुंडी यांच्याखाली पडणाऱ्या मुलाला झेलणारा थर हवा, म्हणजे किमान 30 सेंटिमीटर सैल वाळू. ती झोपाळ्याच्या बरोबर खालून पायांनी बाहेर ढकलली जाते. म्हणून आठवड्यातून एकदा फावड्याने परत आत ओढायची. एवढंच काम आहे, आणि नेमकं तेच कुणाच्या नावावर नसतं.

बरं, ब्लॉक सपाट तरी राहतात का? कडेचा दगड पक्का बसवला नाही की पावसाचं पाणी खालची वाळू बाजूने वाहून नेतं. एक ब्लॉक खचतो, शेजारचा तसाच राहतो, मध्ये सेंटिमीटरभराची पायरी होते. तरुणाला ती दिसतही नाही. सत्तरीच्या आजींच्या चपलेचं टोक मात्र तिथेच अडकतं. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, ते तुम्ही घरोघरी पाहिलं आहे.

खो-खो घ्या. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम बांधायला सुरुवात झाली. आठ खेळाडू आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. पळणाऱ्याने कुठूनही वळावं, पाठलाग करणाऱ्याने मात्र दिशा बदलायची नाही, मधली पाटी, म्हणजे दोन खांबांना जोडणारा पट्टा, तीही ओलांडायची नाही. म्हणजे सगळा खेळ झटक्यात वळण्याचा, वाकण्याचा, सूर मारण्याचा. सिमेंटवर बूट पकडतो आणि पायाऐवजी गुडघा वळतो. मातीवर पाऊल बोटभर सरकतं, त्या सरकण्यातच गुडघा वाचतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. (टाळ्या) ते सामने मॅटवर झाले, हे मला माहीत आहे. पण मॅटला छप्पर लागतं, कुलूप लागतं, पैसा लागतो. वॉर्डातल्या पोरांना ऊन-पावसात पुरते ती मातीच.

आता माती कशी करायची ते सांगतो, लिहून घ्या. मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. चहूबाजूंनी दीड मीटर मोकळी जागा धरली की 30 बाय 19, म्हणजे 570 चौरस मीटर. खाली 15 सेंटिमीटर मुरूम पाणी मारून दाबायचा. त्यावर 10 सेंटिमीटर चाळलेल्या मातीचा थर. हिशेबाने 57 घनमीटर, म्हणजे 20 ब्रास होतात. पण रोलर फिरला की माती बसते, म्हणून 25 ब्रास मागवा. ट्रकवाल्याला 20 सांगितलेत तर एक कोपरा उघडा राहील आणि तो राडारोड्याने भरला जाईल. मग वर्षभर त्यातून खडे आणि काचा निघत राहतील.

कुठली माती? सोलापूर, मराठवाडा, विदर्भातली काळी माती नुसती चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि भेगेत पाय जातो. ती फूटभर काढून टाकून मग मुरूम घाला. आणलेली माती पारखायला प्रयोगशाळा नको. काचेची उभट, सरळ बाटली घ्या, तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर. पाच मिनिटं खळखळून हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू. दोन तासांत तिच्यावर बसतो तो गाळ. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यात वर बसते ती चिकणमाती. वाळू निम्म्याहून थोडी जास्त आणि चिकणमाती पाचव्या हिश्शाच्या आत असेल तर माती घ्या. चिकणमाती जास्त झाली तर चिखल होतो. फारच कमी असली तर पकड राहत नाही, धूळ उडते. मुरमाचे खडे वर राहिले तर गुडघे सोलतात.

मध्यभाग उंच ठेवा आणि दोन्ही कडांकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. रात्री भरपूर पाणी मारा, रोलर सकाळी. कधी फिरवायचा? मुठीत दाबली की माती लाडवासारखी वळावी, बोटाने टोचली की फुटावी, तळव्याला चिकटू नये. चिकटली तर थांबा, नाहीतर रोलर थरच उचलून नेतो. अगदीच सुकलेली असेल तर नुसता धुरळा. शिवाजी पार्कच्या लाल मातीची धूळ भोवतीच्या घरांत जाते, ही मुंबईतली जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. उपाय सिमेंटचा नाही, रोजच्या पाण्याचा आहे. तालमीत हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, रोज उकरतात, त्या मातीत तेल, ताक, हळद घालतात. वॉर्डाच्या मैदानाला हळद नको, पण नळाचं एक कनेक्शन आणि शिंपणारा एक माणूस तरी द्या!

पावसाळ्यात ओल्या मैदानावर खेळू नका. टाचांचे खड्डे वाळून दगडासारखे होतात आणि घोटा मुरगळतो. दुसरं, मांडव. उत्सव आपलाच आहे, मांडव पडणारच. पण वासे काढल्यावर खड्ड्यात सैल माती लोटू नका, ती पहिल्या पावसात खचते. बोटभर थर, पाणी, धुमसाने ठोकणं, मग पुढचा थर. आणि जुन्या लाउडस्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून साऱ्या मैदानावर ओढा, किती खिळे निघतात ते पाहा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरली. तर विषय.

जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं माप असं आहे: 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल. मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पासष्टीपुढे त्यात तोल सांभाळण्याचा सराव, आठवड्यातून तीन दिवस. हे सगळं त्या एका चौकोनात बसतं.

पहाटे ज्येष्ठांसाठी. मोकळ्या जागेसकट मैदानाची कड 98 मीटर, म्हणजे दहा फेऱ्यांत जवळजवळ एक किलोमीटर. बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा चालीने अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, की 150 मिनिटं झाली. मधली पाटी 30 सेंटिमीटर रुंद असते. तिच्या रेषेवर टाचेला पंजा लावून चाला, कुणीतरी शेजारी चालू द्या. खांब जमिनीपासून 120 सेंटिमीटर उंच असतो. तो धरून एका पायावर उभं राहा, दहा अंक मोजा. कडेला बाक ठेवा तो 45 सेंटिमीटर उंच आणि हात असलेला. बिनहाताच्या बाकावर बसलेल्या आजोबांना उठता येत नाही, मग ते येणंच सोडतात.

दुपारनंतर मुलं, लगोरी आणि खो-खो. संध्याकाळी सातनंतर महिलांची वेळ, फलकावर लिहून. त्या वेळी दिवे आणि शौचालय चालू हवं. ते बंद असेल तर ती वेळ फक्त फलकावरच राहते. चाळिशीच्या पुढचे लोक एकदम धावायला आले की पोटरी नाहीतर टाचेमागची शीर दुखावते, म्हणून आधी तीन आठवडे चालणं आणि टाचा उचलणं.

ओपन जिमबद्दल चिठ्ठ्या आल्या आहेत. बसवा, पण बेअरिंगला ग्रीस कोण लावणार आणि नटबोल्ट कोण आवळणार, त्यांची नावं आधी ठरवा. आणि ती यंत्रं मैदानाच्या मधोमध नकोत, कडेला.

शेवटचं, फक्कीचं. रेषांसाठी कळीचा चुना आणू नका, घामाने आणि पाण्याने तो भाजतो, डोळ्यात गेला तर इजा करतो. खडूची भुकटी घ्या, आणि आखताना वाऱ्याकडे पाठ ठेवा. मातीचे प्रश्न असतील त्यांनी बाहेर थांबा, मी पारखायला बाटली आणली आहे.