टी-थ्री कमी, म्हणून गोळी?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आपल्याकडे थायरॉइड हे आता अवयवाचे नाव राहिलेले नाही, ते आजाराचे नाव झाले आहे. ‘मला थायरॉइड आहे’ असे कोणी सांगितले की मी ‘मलाही आहे, गळ्यात, कंठमण्याच्या खाली’ असे उत्तर देतो. त्यावर समोरची व्यक्ती हमखास सहानुभूतीने विचारते, ‘किती पॉवरची गोळी?’ (हशा)

करोनाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांमधील थायरॉइड आणि दाह हा आजचा विषय आहे. त्याआधी मात्र मला एका फाइलविषयी बोलू द्यावे, कारण ती फाइल मला अजून सलते. बार्शीकडचे एक गृहस्थ २०२३ मध्ये माझ्याकडे आले, तेव्हा किराणा दुकानाच्या पिशवीत त्यांची सगळी कागदपत्रे होती. एप्रिल २०२१ मध्ये ते अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. सातव्या दिवशी तेथे कोणीतरी थायरॉइडची तपासणी सांगितली, म्हणजे ग्रंथीची दोन संप्रेरके (हार्मोन्स) टी-थ्री आणि टी-फोर, आणि तिला हुकूम सोडणारे टीएसएच. टी-थ्री कमी, टी-फोर काठावर, टीएसएच ०.३ आणि प्रत्येक आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण. बाण दिसला की हात शिवशिवतात. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची गोळी, ५० मायक्रोग्रॅम सुरू झाले आणि डिस्चार्ज कार्डावर ‘चालू ठेवणे’ असा शेरा पडला. पुढे स्टेरॉइड थांबले, रक्त पातळ करणारी औषधे थांबली, घरचे ऑक्सिजनचे यंत्र परत गेले. ही गोळी मात्र दोन वर्षे रोज पहाटे उपाशीपोटी चालू राहिली. गृहस्थांची तक्रार एवढीच होती की तिच्यापायी चहा अर्धा तास लांबतो.

माझी तक्रार वेगळी आहे. ग्रंथी स्वतःच थकली असती, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने तिला हाकायला टीएसएच वाढवले असते. येथे तेही खालीच होते. शिवाय रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू होते, जे टीएसएच दाबते. रक्त पातळ करणारे हेपॅरिन चालू होते, ज्यामुळे नळीत घेतलेल्या रक्तातील मुक्त (प्रथिनांना न चिकटलेले) टी-फोर खोटेच जास्त दिसू शकते. आयोडीनयुक्त औषध टोचून सीटी काढला असता, तर आणखी एक घोळ वाढला असता. इतक्या गोंगाटात त्या ग्रंथीचा आवाज कोणाला, कसा ऐकू आला असेल?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत. तेव्हा मूळ विषय घाईने मांडतो.

थायरॉइड प्रामुख्याने टी-फोर सोडते. यकृत, मूत्रपिंड आणि इतर ऊती त्यातील आयोडीनचा एक अणू काढून त्याचे कामाचे टी-थ्री करतात. गंभीर आजारात इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखे दाहाचे दूत हे रूपांतर मंदावतात, टी-फोरला निरुपयोगी ‘रिव्हर्स टी-थ्री’कडे वळवतात आणि मेंदूकडून सुटणारी आज्ञाही क्षीण करतात. दुष्काळात घरातली बाई धान्य मोजून काढते, तसे हे आहे. निदान आजाराच्या पहिल्या दिवसांत तरी शरीराने आवरलेला हा खर्च असावा, असे मला वाटते. टी-थ्री जितके खाली, तितका आजार गंभीर, हे करोनातही दिसले. पण तापमापकातला पारा खाली आणल्याने ताप उतरत नाही, आणि अत्यवस्थ रुग्णांना सरसकट थायरॉइड संप्रेरक दिल्याने ते वाचतात असेही सिद्ध झालेले नाही.

करोनाची गंमत अशी की चित्र एवढ्यावर संपले नाही. २०२० च्या वसंतात इटलीतील मिलानमधील एका अभ्यासात अतिदक्षता स्वरूपाच्या उपचारांखालील, पूर्वी थायरॉइडचा आजार नसलेल्या ८५ करोना रुग्णांपैकी १३ जणांत थायरॉइड संप्रेरक वाढल्याचे चिन्ह आढळले. त्याच विभागांत २०१९ मध्ये ७८ पैकी एकच होता. मिलानजवळच्या रोझ्झानो येथे अतिदक्षता विभागाबाहेरील २८७ रुग्णांपैकी ५८ जणांत तेच दिसले, आणि ज्यांचे इंटरल्यूकिन-६ अधिक, त्यांच्यात ते अधिक होते. म्हणजे एकच दाह एकीकडे टी-थ्री घटवतो, आणि दुसरीकडे बहुधा ग्रंथीलाच सूज आणून साठवलेले संप्रेरक रक्तात सांडतो. मिलानच्या रुग्णांना गळा दुखण्याची तक्रारही नव्हती, त्यामुळे ही सूज शोधल्याशिवाय सापडली नसती. म्हणून तपासणी करूच नका, असे मी म्हणत नाही. संशयाला जागा असेल तर जरूर करा, आणि रुग्ण बरा झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी ती पुन्हा करा. त्या फाइलमध्ये नेमका हाच दुसरा कागद नव्हता.

बार्शीच्या गृहस्थांची गोळी आम्ही थांबवली. सहा आठवड्यांनी टीएसएच २.१ आले. पुढच्या खेपेला ते पत्नीला सोबत घेऊन आले आणि म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, हिचीही बंद करून टाका, म्हणजे चहा एकदमच होईल.’ बाईंना हाशिमोटोचा आजार होता, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते, आणि त्यांची ग्रंथी पार सुकली होती. त्यांचा चहा अजूनही अर्ध्या तासाने होतो.