एनएसएसचा वनराई बंधारा: डिसेंबरच्या कॅम्पपर्यंत थांबू नका

नमस्कार. एनएसएसचं, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं निवासी शिबिर बहुतेक कॉलेजांत डिसेंबर-जानेवारीत होतं आणि त्याच्या वेळापत्रकात वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यात मातीच्या पोत्यांनी घातलेला तात्पुरता बांध, हमखास असतो. कोकणात ठीक आहे, तिथले बरेच वहाळ तेव्हाही वाहत असतात. पण मराठवाड्यात, सोलापूरकडे तोवर ओढ्यात वाळू चमकत असते. पोती रचली, बॅनर लावला, फोटो निघाला. अडवायला पाणी कुठाय?

हा बंधारा परतीचा पाऊस ओसरला की लगेच बांधायचा, साधारण दसरा-दिवाळीच्या दरम्यान, ओढ्याला घोटाभर धार असताना. 'पण कॅम्प तर डिसेंबरात' असं कार्यक्रम अधिकारी म्हणतील. कॅम्प लागतोच कशाला? प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास नियमित काम करायचंच असतं. त्यातले दोन रविवार दत्तक गावाला द्या.

आधी जागा. ओढा 5 ते 8 मीटर रुंद, दोन्ही काठ उंच आणि घट्ट, वरच्या अंगाला उतार कमी. वळणावर बांधू नका, बाहेरचा काठ खचतो. उतार मोजायला गवंड्याची लेव्हल पाइप पुरते. 100 मीटरला 1 मीटर उतार असेल, तर 6 मीटर रुंद ओढ्यात 1 मीटर उंचीच्या बंधाऱ्यामागे ढोबळमानाने 300 घनमीटर, म्हणजे 3 लाख लिटर पाणी थांबतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. शिवाय धार चालू असेपर्यंत मुरलेल्या पाण्याची जागा नवं पाणी घेतं. ऑक्टोबरचा आग्रह त्याचसाठी.

उंची मीटर-सव्वा मीटरच्या वर नेऊ नका. उंची दुप्पट केली की पाण्याचा रेटा चौपट होतो, आणि मातीच्या पोत्यांना तो झेपत नाही.

[पडद्यावर: बंधाऱ्याचा छेद. पाया 2 मीटर, माथा 1 मीटर, मध्ये चिकण माती]

6 मीटर लांबीच्या बंधाऱ्याला अडीचशे पोती लागतात. फाटकी निघतील म्हणून पावणेतीनशे जमवा. सिमेंटची रिकामी पोती झटकताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेत. खताची पोती आधी धुऊन घ्या. पोतं दोन-तृतीयांशच भरायचं आणि दाभण-सुतळीने शिवायचं. मुलं उत्साहात गच्च भरतात, मग पोतं गोल होतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी निघतं. शिवाय दोन-तृतीयांश भरलेलं पोतंच 40 किलोच्या आसपास जातं. एकूण 10 टन माल आहे हा. पाठीवर नाही, साखळी करून हातोहात पोचवा. भरायची वाळू-माती वरच्या अंगाने, बंधाऱ्यापासून दहा-बारा मीटर सोडून काढा. पायथ्याशी खड्डा पडला तर बंधारा त्यात बसतो.

पहिल्या रविवारी पाया आणि पोती भरणं. वरच्या बाजूला मातीचा छोटा बांध घालून पाणी पाइपातून पलीकडे काढून द्या. मग तळाची सुटी वाळू, पालापाचोळा उपसून घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत चर खणा. इथेच बहुतेक जण कंटाळतात. वाळूवरच पोती रचतात आणि दोन दिवसांनी बंधारा उभा असतो, पाणी मात्र खालून निघून गेलेलं असतं.

दुसऱ्या रविवारी रचाई. पोत्यांच्या दोन भिंती, सांधे विटांच्या बांधकामासारखे मोडते. मधल्या पोकळीत काळी चिकण माती वीतभर जाडीच्या थरांत टाकायची, किंचित ओली करायची आणि धुमसाने ठोकायची. पाणी ही माती अडवते, पोती फक्त तिला धरून ठेवतात. दोन्ही टोकं काठात किमान अर्धा मीटर घुसवा, नाहीतर ओढा बगलेतून वाट काढतो आणि शेतकऱ्याचा काठ कापतो. मग पुढच्या वर्षी गावात कोण उभं करील? मध्यभागी दीड-दोन मीटर लांबीत एक थर कमी ठेवा, तो सांडवा. त्याच्याखाली मोठे दगड अंथरा. शेवटी पाइप काढून ती जागा चिकण मातीने भरा. थोडं झिरपलं तर वरच्या अंगाला बारीक गाळ टाकत राहा. पाणी तो ओढून घेतं आणि फटी बुजतात.

आता कागद. ग्रामपंचायतीचा ठराव आधीच घ्या आणि त्यात मे महिन्यात पोती कोण काढणार हे नावानिशी लिहून घ्या. तेव्हा तुमच्या परीक्षा असतात. उन्हाने ठिसूळ झालेली पोती पहिल्या पुरात फुटतात आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या खालच्या शेतांत पसरतात.

उपयोग झाला का, हे अहवालातल्या फोटोंवरून कळत नाही. बंधाऱ्याजवळच्या दोन-तीन विहिरी निवडा, आणि एक लांबची, जिला या पाण्याचा संबंध नाही. दर रविवारी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडा. मोटर चालू असताना मोजू नका. जवळच्या विहिरी लांबचीपेक्षा सावकाश खाली जात असतील तर पाणी मुरतंय. फरकच नसेल तर खाली अखंड काळा पाषाण असू शकतो. तिथे बंधारा गुरांच्या पाण्यापुरता धरा, पुढच्या वर्षी जागा बदला.

आणि डिसेंबरचा कॅम्प? तो शोषखड्ड्यांना, म्हणजे घरचं सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांना द्या. जमीन कोरडी असते, खणलेल्या खड्ड्यात पाणी भरत नाही. सांडपाणी दारात साचणाऱ्या घरांची यादी मात्र ऑक्टोबरच्या त्या दोन रविवारीच करून ठेवा.