बार्बलसाठी रॉड घेताय? आधी एक पाण्याची बाटली भरा

(नदीकाठ. मागे वाहतं पाणी. हातात रॉड, पायाशी रिकामी बाटली.)

नमस्कार मंडळी. मागे दिसतेय ती ट्रेंट नदी, नॉटिंगहॅमच्या खालच्या अंगाची. इंग्लंडात नव्याने आलेली आपली माणसं मला हमखास विचारतात, बार्बल माशासाठी गळाचा रॉड कुठला घेऊ? आणि खरं सांगू, विचारायच्या आधीच निम्म्यांनी घेतलेला असतो. चुकीचा. माझंही तेच झालं होतं.

आमच्याकडे देवगडच्या खाडीवर गरवायला रॉड कधी लागलाच नाही. आजोबांच्या हातात नुसती दोरी असायची, टोकाला शिसं आणि गरी. तांबोशीने तोंड लावलं की बोटाला कळायचं. त्यामुळे इथल्या दुकानात शिरलो तेव्हा मी आपला सरळ हिशोब केला: मोठा मासा, तर दणकट काठी. सगळ्यात जाड दिसला तो उचलला. तो होता कार्प माशाचा, 3 पौंडांचा (हे पौंड कसले ते पुढे सांगतो). पहिला बार्बल लागला, अगदी पायाशी आला, एकदा मान झटकली आणि गरी सुटली. दुसऱ्याचंही तेच. शेजारी एक आजोबा मघापासून बघत होते, त्यांना राहवेना. म्हणाले, "अरे, तुझी काठी वाकतच नाही. मग माशाने झटका दिला की तो जाणार कुठे?"

आजच्या व्हिडिओत मला जे सांगायचंय, ते या आजोबांनी सांगून टाकलं. रॉड किती जाड आहे ते बघू नका. कसा वाकतो ते बघा.

आता हा मासा कसला आहे ते थोडक्यात. इथे गोड्या पाण्यातल्या माशांची जुनी वाटणी आहे. सामन आणि ट्राउट हे 'गेम', बाकीचे रोच, चब, ब्रीम, पर्च, पाइक, कार्प, बार्बल हे सगळे 'कोर्स'. बार्बल तळाशी राहतो. पोट सपाट, तोंड खाली, ओठावर चार मिशा. वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून तळाला चिकटून बसतो. लांबचा का होईना, आपल्या महसीरचा भाऊबंद. महाडजवळ वाळणकोंडीत देवाचे मासे पाहिले असतील, तर त्या मिशा ओळखीच्या वाटतील. गरी लागली की हा वर उसळत नाही, खाली दाबून प्रवाहात पळतो. म्हणजे ओढ एकट्या माशाची नसते, त्यात नदीची भर पडते. म्हणून माशाचं वजन विचारायच्या आधी नदी कुठली ते विचारायचं.

रॉडवर लिहिलेलं असतं 1.5, 1.75, 2 पौंड. याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. पुष्कळांना वाटतं, एवढ्या वजनाचा मासा उचलता येतो. छे! हे आत्ता करूनच दाखवतो.

(रॉड आडवा धरतो, शेंड्याला दोरीने बाटली बांधतो.)

मूठ आडवी, जमिनीला समांतर. शेंड्याला बाटली. आता हळूहळू पाणी ओततोय. शेंडा खाली झुकतोय... अजून थोडं... थांबा. आता मूठ आडवी आणि शेंडा सरळ जमिनीकडे, काटकोन झाला. बाटलीत किती पाणी आहे? साधारण 800 मिलिलिटर, म्हणजे 800 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावणेदोन पौंड. हा झाला 1.75 चा रॉड. शेंडा काटकोनात आणायला लागतं ते वजन, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. घरी करून बघा, फक्त गालिच्यावर नको. पहिल्यांदा मी गालिच्यावरच केलं होतं, पुढचं विचारू नका.

या आकड्यावरून दोरीही ठरते. रिचर्ड वॉकर नावाचा गाजलेला इंग्लिश गळकरी, ज्याने 1952 मध्ये रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा कार्प पकडला, त्याच्या काळापासून एक ठोकताळा चालत आलाय: टेस्ट कर्व्हला पाचाने गुणा, तेवढ्या पौंडांचा ताण सोसणारी दोरी त्या रॉडला शोभते. 1.75 गुणिले पाच, पावणेनऊ. म्हणजे 8 ते 10 पौंडांची दोरी. दुसरा ठोकताळा फेकायच्या वजनाचा: जितके पौंड, तितके औंस आरामात लांब जातात. जवळच हलक्या हाताने सोडायचं असेल, तर त्याहून जड फीडरही चालतो. फीडर म्हणजे चारा भरायची वजनदार डबी.

आता नदी. केनेटसारखी लहान नदी असेल, काठावर झाडी, पाण्यात शेवाळाचे पट्टे, तर 11 फुटांचा, सव्वा ते दीड पौंडाचा रॉड पुरतो. लांब काठी तिथे फांद्यांतच अडकते. 1956 मध्ये याच केनेटमधले बार्बल नेऊन सेव्हर्न नदीत सोडले आणि तिथे ते चांगले फोफावले. मासा तोच, पण सेव्हर्न रुंद, तिला पूर आला की लाकडं वाहत येतात. केनेटवरचा नाजूक रॉड तिथे नेलात तर फीडर तळाशी टिकणारच नाही. सेव्हर्न आणि ही ट्रेंट, इथे 12 फूट आणि 1.75 पासून पुढे. क्रॉमवेलच्या बंधाऱ्याखाली ट्रेंटला भरती-ओहोटी लागते. तिथे चार-चार औंसांचे फीडर टाकावे लागतात, मग 2 किंवा सव्वादोन पौंड. आणि मोठ्या नदीवर लांबी हवीच, कारण शेंडा उंच ठेवला की दोरीचा मोठा भाग पाण्याबाहेर राहतो. दोरी जितकी पाण्यात, तितकी प्रवाह तिला ओढणार आणि फीडर सरकवणार.

एकच घ्यायचा असेल तर? 12 फुटांचा, 1.75 पौंडांचा, दोन शेंडेवाला. एक शेंडा साधा, त्याला इथे एव्हन म्हणतात. दुसऱ्यात बारीक, रंगवलेली क्विव्हर टिप बसते. बार्बल लागल्याचं कळायला टिपची गरज नसते, तो अख्खी काठीच वाकवून नेतो. टिप लागते हिवाळ्यात, थंड पाण्यात मासा आमिषाला जेमतेम शिवतो तेव्हा. आणि चबसाठी. मात्र जोरदार प्रवाहात एक औंसाची मऊ टिप लावाल, तर ती पाण्यानेच वाकून बसेल, मासा काय दाखवणार? तिथे तीन औंसांची.

हा रॉड बार्बल, चब, ब्रीम सांभाळतो. रोचला मात्र जड जातो. त्याला 13 फुटांचा हलका फ्लोट रॉड आणि तीनेक पौंडांची दोरी. पाइकचं प्रकरणच निराळं. दात असे की तारेशिवाय भागत नाही, रॉडही पावणेतीन पौंडांच्या पुढचा. माझा तो पहिला 3 पौंडांचा रॉड शेवटी तिथेच कामी आला.

दुकानात गेलात की रॉड पूर्ण जोडायला सांगा. दुकानदाराला शेंडा धरायला लावा आणि हळू वर उचला. वाक मधल्या भागापर्यंत उतरत आला पाहिजे. वरचे दोन फूट वाकून पुढे नुसता दांडका राहिला, तर परत ठेवा. जुना घेत असाल तर दोरी ओवायच्या प्रत्येक कडीच्या आतून कापूस फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, ती दोरी कापणार. कार्बनवर ठेच दिसली तर स्वस्तातही घेऊ नका.

पण अगदी मऊ रॉडही नको, हे मुद्दाम सांगतो. बार्बल जीव तोडून झुंजतो. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा झुंज लांबली तर सोडल्यावर तो उलटा होऊन वाहत जातो. म्हणून लवकर आणा आणि सोडताना प्रवाहाकडे तोंड करून जाळ्यातच धरून ठेवा. पाच मिनिटं लागोत की पंधरा. तो स्वतः हिसका देऊन निघाला पाहिजे. खायला न्यायचा विचार मनातही आणू नका, आणि त्याची अंडी तर विषारी असतात.

परवान्याचं पटकन. 13 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं, शिवाय त्या काठाचं क्लबचं किंवा दिवसाचं तिकीट वेगळं. 15 मार्च ते 15 जून नद्यांवर बंदी, 16 जूनला सुरुवात. आपल्याकडे त्याच सुमारास पाऊस येतो आणि खाडीवरची माणसं होड्या वर ओढतात. इथे बरोबर उलटं.

आणि पहिल्या दिवशी रॉड टेकूवर ठेवून चहा ओतायला वळू नका. रीळ मोकळं सोडायची कळ असेल तर ती चालू ठेवा, नसेल तर मुठीवरचा हात काढू नका. बार्बल काठीसकट सगळं घेऊन जातो. मागच्या त्या वळणात माझी एक आहे.